झाड कोणाचे? विसरवाडीच्या एका अंगणाच्या निमित्ताने

धुळ्याहून सुरतेकडे जाणारा महामार्ग कोंडाईबारीचा घाट उतरला की नवापूर तालुका लागतो आणि पुढे विसरवाडी येते. तेथील आमच्या एका शिक्षक स्नेह्यांनी गावाबाहेर, स्वतःच्या शेताच्या कडेला नवे घर बांधले. घर पुरे झाले आणि भोवतीच्या मोकळ्या जागेचा प्रश्न उभा राहिला. एका रोपवाटिकेने त्यांना रीतसर आराखडा करून दिला होता. दर्शनी भागात हिरवळ, फाटकापासून ओट्यापर्यंत सिमेंटच्या ठोकळ्यांची वाट, वाटेच्या दोन्ही अंगांना खोटा अशोक आणि कोपऱ्यात गुलमोहर. आराखडा नेटका होता. स्नेह्यांच्या मातोश्रींनी मात्र तो पाहून एवढेच विचारले, की यात मोह कुठे आहे?

स्नेह्यांनी हा प्रसंग आम्हांला हसतहसत सांगितला आणि वर विचारले, "तुम्ही मंडळी पुस्तकांत रमणारी. अंगणाला काही इतिहास असतो का हो?" त्या वेळी आम्ही काहीतरी मोघम बोलून वेळ मारून नेली. पुढे शोध घेऊ लागलो, तेव्हा ध्यानात आले की अंगणाला इतिहास असतो आणि तो केवळ सौंदर्यदृष्टीचा नसतो. अंगणात कोणते झाड लावावे या प्रश्नाच्या आड, लावलेले झाड कोणाचे, हा दुसरा आणि अधिक जुना प्रश्न दडलेला आहे. रोप जगते की मरते, हेही पुष्कळदा त्या दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावर ठरते. प्रस्तुत लेखात तेवढेच सांगण्याचा प्रयत्न आहे.

आरंभ शब्दापासून करू. 'विसरवाडी' या नावाच्या पूर्वपदाविषयी आम्ही तर्क करणार नाही. पण उत्तरपद बोलके आहे. मोल्सवर्थच्या कोशात (पहिली आवृत्ती १८३१, दुसरी १८५७) 'वाडी' या शब्दाला दोन अर्थ दिलेले आढळतात. एक, कुंपण घातलेली बागाईत जागा. दुसरा, शेतकऱ्यांच्या घरांचा लहान पुंजका. या दोन अर्थांचे एका शब्दात नांदणे अर्थपूर्ण आहे. माणसे वस्ती करतात म्हणजे काय करतात? जमिनीचा एक तुकडा वेढून घेतात आणि त्यात काही लावतात. कुंपण आणि रोप मिळून वाडी होते. घाटावरच्या जुन्या वाड्यांत अंगण चौकाच्या रूपाने घराच्या पोटात शिरले आणि झाडे मागच्या परसात गेली. नवापूरकडच्या मावची आणि कोकणी वस्त्यांत घर बहुधा आपापल्या शेतात सुटे उभे असते आणि अंगण त्याच्या पुढ्यात उघडे पसरते. ते सारवलेले असते. त्यावर धान्य झोडपले जाते, मोहाची फुले वाळत पडतात, मांडवावर गिलक्या-दोडक्यांचे वेल चढतात. अशा अंगणाला शोभेची जागा म्हणण्यापेक्षा घराची सर्वांत मोठी खोली म्हणणे योग्य ठरेल. तिला छप्पर नसते; झाड असते. मातोश्रींच्या प्रश्नाचा अर्थ आम्हांला येथे प्रथम लागला. त्या शोभेविषयी बोलतच नव्हत्या. त्या विचारीत होत्या, की या खोलीचे छप्पर कोठे आहे?

झाडे लावण्याचे शास्त्र आपल्याकडे जुने आहे. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराने 'बृहत्संहिते'त वृक्षायुर्वेदावर एक स्वतंत्र अध्याय लिहिला. त्यात दोन झाडांमधले अंतर वीस हात असावे हे उत्तम, सोळा हात मध्यम आणि बारा हात म्हणजे अगदी किमान, असे सांगितले आहे. वीस हात म्हणजे सुमारे तीस फूट. आज आंब्याच्या पारंपरिक लागवडीसाठी दहा मीटर, म्हणजे सुमारे तेहतीस फूट अंतर सांगतात. दीड हजार वर्षांत फरक पडला तो तीन फुटांचा! नव्या झाडाला उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ, हिवाळ्यात एक दिवसाआड आणि पावसाळ्यात जमीन सुकेल तेव्हा पाणी द्यावे, हेही त्याच अध्यायात आहे. पुढे सुरपालाने या विषयावर स्वतंत्र ग्रंथच रचला. ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयातील हस्तलिखितावरून नलिनी साधले यांनी त्याचा अनुवाद केला आणि तो १९९६ साली प्रसिद्ध झाला. झाडांसाठी कुजवून करायच्या 'कुणपजल' या द्रवखताची त्यातील कृती अलीकडे सेंद्रिय शेतीच्या मंडळींत पुन्हा चर्चेत आली आहे.

मात्र या ग्रंथांत एक गोष्ट गृहीत धरलेली दिसते. लावणारा आणि भोगणारा एकच आहे, किंवा निदान त्यांच्यात तंटा नाही, असे तेथे मानलेले आहे. तंट्याची जाणीव आपल्याला मराठीत ठळकपणे भेटते ती रामचंद्रपंत अमात्यांच्या नावे असलेल्या 'आज्ञापत्रा'त, म्हणजे अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात. आरमारासाठी लाकूड हवे आहे. साग राज्यातल्या अरण्यातून परवानगीने तोडावा, पण आंबा-फणसाला हात लावू नये. कारण ती झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती लेकरांसारखी दीर्घकाळ वाढवलेली असतात, आणि ती तोडली तर तिच्या दुःखाला पार राहत नाही, असा त्या सुप्रसिद्ध उताऱ्याचा आशय. पर्यावरणाची कळकळ म्हणून हा उतारा नेहमी सांगितला जातो. आमच्या मते त्यातला अधिक मोलाचा विचार निराळा आहे. तेथे झाडाची किंमत लाकडावर केलेली नाही. ती झाड वाढवण्यात गेलेल्या वर्षांवर केलेली आहे. जोपासना हाच हक्काचा आधार, असे एक राज्यकर्ता लिहून ठेवतो. अर्थात त्याच उताऱ्यात सागाला हा न्याय नाही, हेही विसरता कामा नये. साग राज्याचा, आंबा रयतेचा, अशी एक रेघ तेथे ओढलेली आहेच.

इंग्रजी अमलात ही रेघ पार सरकली, आणि ती कशी सरकली हे समजून घ्यायला पुण्याजवळच्या दापोडीला जावे लागते. तेथील सरकारी वनस्पतिउद्यान १८२८ मध्ये स्थापन झाले आणि १८३८ पासून त्याची सूत्रे डॉ. अलेक्झांडर गिब्सन या स्कॉटिश शल्यचिकित्सकाकडे आली. देशोदेशींची रोपे तेथे आणून रुजवली जात. उद्यानातल्या वनस्पतींची एका अनाम एतद्देशीय चित्रकाराने काढलेली सुंदर चित्रे आज एडिंबरोच्या वनस्पतिउद्यानात जपलेली आहेत. हेच गिब्सन १८४७ मध्ये मुंबई इलाख्याचे पहिले वनसंरक्षक झाले. योगायोग लहान आहे, पण आम्हांला तो अर्थपूर्ण वाटतो. बंगल्याभोवतीची शोभेची बाग आणि जंगलाभोवतीची सरकारी हद्द, या दोन्ही कल्पना आपल्याकडे एकाच हातून रुजल्या. गिब्सन यांच्यावर अन्याय नको. जंगले तुटली की झरे आटतात, हे त्यांनी सरकारला कळकळीने लिहून कळवले होते आणि त्यात तथ्य होते. पण या धोरणात झाडाचा राखणदार म्हणून जो माणूस कल्पिला गेला, तो गणवेशातला होता. झाडाखाली राहणारा माणूस त्यात संशयित ठरला.

पुढचा क्रम सर्वपरिचित आहे. १८६५ चा पहिला वन कायदा, मग १८७८ चा अधिक कडक कायदा, त्यातून निघालेल्या राखीव आणि संरक्षित जंगलांच्या हद्दी. १८७९ च्या मुंबई जमीन महसूल कायद्याने खातेदाराच्या जमिनीतल्या झाडांवरचा हक्क बहुतांशी त्याला दिला खरा. पण सरकारने राखून ठेवलेली झाडे त्यातून वगळली. म्हणजे शेत तुमचे, पण त्यात आपोआप उगवलेला साग तुमचा असेलच असे नाही. खानदेशाच्या पश्चिम पट्ट्यात, जेथे साग न लावताही उगवतो, तेथे याचा अर्थ काय झाला असेल? सागाचे रोप दिसले की ते वाढू द्यावे, असे कोणाच्या मनात येणार? शेजारच्या सुरत जिल्ह्यात १८७८ च्या अबकारी कायद्याने ताडाच्या झाडावर कर बसवला. दारातले झाड सरकारी खतावणीत एक आकडा होऊन बसले. १८८३ मध्ये पुऱ्या झालेल्या 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथात जोतीराव फुल्यांनी जंगलखात्यावर जे कोरडे ओढले, त्यामागे हाच अनुभव होता. डोंगर, गायराने, पडीक राने सारी खात्याच्या घशात गेली आणि शेतकऱ्याच्या शेरड्यांना चरायला जागा उरली नाही, हे त्यांचे गाऱ्हाणे.

स्वातंत्र्यानंतर या प्रश्नाचे काय झाले? कन्हैयालाल मुनशी केंद्रात अन्न व कृषिमंत्री असताना, १९५० च्या जुलैत वनमहोत्सवाची प्रथा सुरू झाली. झाड लावणे हा सार्वजनिक समारंभ झाला. कायद्याच्या बाजूने पाहिले तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ हिच्या कलम २५ ने भोगवट्याच्या जमिनीतील सर्व झाडांचा हक्क धारकाला दिला. ही फार मोठी दुरुस्ती होती. पण त्याआधीच १९६४ चा वृक्षतोड नियमनाचा कायदा आला होता. साग, मोह, आंबा, फणस, चिंच, जांभूळ अशी अनुसूचीतली झाडे स्वतःच्या जमिनीतली असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. १९६९ साली आणखी एक कायदा झाला, तो अनुसूचित जमातींच्या खातेदारांनी करायच्या झाडांच्या विक्रीविषयीचा. कंत्राटदाराने कवडीमोलाने साग उचलू नये, विक्री सरकारी यंत्रणेमार्फत व्हावी, हा त्याचा हेतू. हेतू चांगला होता आणि फसवणूक खरीच होत होती. तरी विसरवाडीच्या खातेदाराला त्यातून एक गोष्ट पुन्हा ऐकू आली. झाड तुझे आहे, पण ते तुझे असल्याचा अर्थ काय, हे आम्ही ठरवू.

एकीकडे लावण्याचे आकडे वाढत गेले. राज्याच्या वृक्षलागवड मोहिमेचे उद्दिष्ट २०१६ मध्ये दोन कोटी, २०१७ मध्ये चार कोटी, २०१८ मध्ये तेरा कोटी आणि २०१९ मध्ये तेहतीस कोटी होते. आकड्यांची थट्टा करणे सोपे आहे. ती आम्हांला करायची नाही. फक्त एवढेच लक्षात आणून द्यायचे आहे, की मोजदाद जुलैमध्ये होते आणि रोप मरते ते एप्रिल-मेमध्ये. पश्चिम महाराष्ट्राच्या डोंगरपट्ट्याप्रमाणे नवापूरकडे पाऊस चांगला पडतो. पण तोही चार महिने. ऑक्टोबरपासून पुढे आठ महिने रोपाचे आणि त्याच्या धन्याचे.

या आठ महिन्यांचे मोल ओळखणारे दोन प्रयोग येथे नोंदवायला हवेत. पहिला विसरवाडीच्या नैर्ऋत्येला, राज्याच्या सीमेपलीकडे वांसदा येथे झाला. मणिभाई देसाई यांनी उरुळी कांचन येथे १९६७ साली उभारलेल्या 'बायफ' संस्थेने १९८२ मध्ये तेथील आदिवासी कुटुंबांबरोबर 'वाडी' कार्यक्रम सुरू केला. प्रत्येक कुटुंबाच्या स्वतःच्या, एकरभराच्या आसपासच्या जमिनीत आंबा-काजूसारखी फळझाडे, बांधावर जंगली झाडे आणि भोवती कुंपण. मोल्सवर्थच्या कोशातला पहिला अर्थ येथे पुन्हा जिवंत झाला. दुसरा प्रयोग १९९० चा, रोजगार हमी योजनेशी जोडलेल्या फळबाग लागवडीचा. त्यातली एक साधी अट आम्हांला फार शहाणपणाची वाटते. अनुदान तीन वर्षांत विभागलेले होते आणि पुढच्या वर्षांचे पैसे झाडे किती जगली यावर अवलंबून होते. लावण्याबरोबर जगवण्यालाही सरकारने मोल दिले. दोन्ही ठिकाणी झाडे जगली, त्यामागे उत्तम रोपे होती, तांत्रिक सल्ला होता, हे खरेच. पण मुळाशी, आपण घागर कोणाच्या झाडाला ओततो आहोत याविषयी घागर वाहणाऱ्या बाईच्या मनात शंका नव्हती.

आता इतिहासाचे ते वळण, ज्याने आम्हांला हा लेख लिहायला लावला. वनहक्कांना मान्यता देणारा २००६ चा कायदा आला. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून वनजमीन कसणाऱ्या आदिवासी कुटुंबाने दावा करायचा, तर पुरावा कोणता द्यायचा? पिढ्यान्‌पिढ्या कागद नाकारला गेलेल्या माणसाकडे कागद कोठून येणार? या कायद्याच्या नियमांतला तेरावा नियम वाचण्यासारखा आहे. घर, झोपडी, जमिनीचे सपाटीकरण, बांध अशा कायमच्या सुधारणा तेथे पुरावा म्हणून ग्राह्य धरल्या आहेत. सामूहिक हक्कांसाठी तर पूजनीय वृक्ष आणि देवरायांचाही उल्लेख आहे. म्हणजे कोणा आजोबांनी कुदळीने उतार तोडून अंगण सपाट केले, दगडांची ताल रचली, ते काम शोभेसाठी नव्हते. पण नकळत ते एक दस्तऐवज लिहीत होते. वडाखाली, मोहाखाली शेंदूर लागला, तेव्हा गावाने जणू आपली साक्ष नोंदवली. आज्ञापत्राने जोपासनेच्या वर्षांना दिलेला मान सुमारे तीनशे वर्षांनी कायद्याच्या भाषेत परत आला, असे म्हटले तर फार अतिशयोक्ती होणार नाही. मान्य झालेले हक्क किती, फेटाळलेले किती, हा वेगळा आणि वादाचा विषय आहे. पण अंगण आणि झाड यांना बोलता येते, हे तत्त्व तरी राज्याने लिहून दिले.

हे सारे घेऊन आम्ही स्नेह्यांकडे परत गेलो. त्यांची जमीन वहिवाटीची, सातबाऱ्यावरची. त्यांना कोठे दावा करायचा नव्हता. तरी ऐकून ते बराच वेळ गप्प राहिले. मग आराखडा पुन्हा उलगडला गेला. हिरवळ गेली, मार्चनंतर तिला घालायला पाणी कोठून आणणार? ठोकळ्यांची वाट अर्धी झाली, म्हणजे पावसाचे पाणी मुरायला जागा राहिली. उतार घराच्या जोत्यापासून बाहेर काढला आणि ओघळाच्या तोंडाशी शोषखड्डा घेतला. पूर्वेचे कोवळे ऊन मोकळे ठेवून पश्चिमेला, दुपारचा ताप अडवायला, दोन आंबे ठरले. मीटरभर लांब-रुंद-खोल खड्डे एप्रिलमध्येच काढून उन्हाने तापू दिले, शेणखत आणि माती मिसळून भरले, आणि पहिल्या चांगल्या पावसानंतर कलमे लावली. कलमाचा जोड मातीच्या वर राहील, याकडे मातोश्रींनी जातीने लक्ष दिले. जोडाखाली फुटणारे धुमारे खुडायचे आणि पहिली तीन वर्षे मोहर आला तरी तो काढून टाकायचा, हे त्यांना कोणी सांगावे लागले नाही. काठीचा आधार सैल बांधला. घट्ट बांधलेले रोप स्वतःच्या पायावर उभे राहायला शिकत नाही.

मोहाचे मात्र रोप आणले नाही. मोहाचे सोटमूळ खोल जाते आणि जागा बदललेली त्याला मानवत नाही. बीही ताजेच हवे, थोड्या दिवसांत त्याची उगवणशक्ती जाते. म्हणून पावसाच्या सुरुवातीला झाडाखाली पडलेले बी आणून कायमच्या जागीच टोचले. जवळ सच्छिद्र मडके गळ्यापर्यंत पुरले. त्याच्या बुडाशी चिंधीची वात. खोडाला न टेकेल असे पालापाचोळ्याचे आच्छादन केले, आणि भोवती बोरीच्या काट्यांचे कुंपण. कारण पिके निघाली की या भागात जनावरे मोकळी सुटतात, आणि शेळीला कोवळ्या पानाचा मालक कोण हे पाहण्याची सवय नसते.

ज्ञानेश्वरांनी बाराव्या अध्यायात भक्ताला झाडाची उपमा दिली आहे. घाव घालणाऱ्याला आणि लावणाऱ्याला झाड सारखीच सावली देते, असा तिचा भाव. झाडाचा हा समभाव थोरच. पण तो झाडाने दाखवावा. समाजाने आणि कायद्याने लावणारा आणि तोडणारा यांत फरक करायला हवा, आणि लावणाऱ्याइतकाच जगवणाऱ्यातही. अंगणाच्या इतिहासातून आम्ही काही शिकलो असू, तर ते हेच.

मोहाला फुले धरायला दहा वर्षे तरी लागतात, पुष्कळदा अधिक. मातोश्रींचे वय सत्तरीच्या पुढे आहे. स्नेह्यांनी एकदा संकोचत हे त्यांना बोलून दाखवले. त्या म्हणाल्या, ज्या मोहाची फुले मी लहानपणी वेचली, तो तरी मी कुठे लावला होता? गेल्या महिन्यात स्नेह्यांचा निरोप आला. तिसरा उन्हाळा संपत आला आहे. एक आंबा वाळवीने गेला, त्याच्या जागी दुसरा लावायचा आहे. मोह गुडघ्याच्या वर आला आहे आणि मडके रोज भरले जाते.